समुद्रापलीकडचं मूळ गाव: १६३०च्या दशकात न्यू इंग्लंडला गेलेल्या माणसाचं घराणं कसं शोधावं

१६२० ते १६४० या वीस वर्षांत सुमारे वीस हजार माणसं इंग्लंड सोडून मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या वसाहतींत, म्हणजे न्यू इंग्लंडला, गेली. अमेरिकेच्या किनाऱ्यावर त्यांच्या नोंदी बऱ्यापैकी सापडतात: जमिनीचे दस्त, चर्चच्या याद्या, मृत्युपत्रं. घोडं अडतं ते समुद्रावर. हा माणूस इंग्लंडच्या कोणत्या गावचा, त्याचे आईवडील कोण, हे वसाहतीतल्या कागदांत क्वचितच लिहिलेलं असतं. मग शोधणारा एखाद्या वेबसाइटवर नाव टाकतो, त्याच नावाच्या आणि साधारण त्याच वयाच्या मुलाचा बाप्तिस्मा सापडतो, आणि वंशावळीला तो जोडून मोकळा होतो. चुकीच्या वंशावळी बहुधा इथेच तयार होतात आणि पुढे शेकडो जणांच्या ऑनलाइन झाडांवर नकलल्या जातात.

त्यामुळे पुढच्या सगळ्या पायऱ्यांना एकच अट लागू आहे. दोन्ही किनाऱ्यांवरचा माणूस एकच आहे हे दाखवणारा कागद हवा. नाव जुळलं की शोध सुरू होतो, संपत नाही. सून किंवा जावई न्यू इंग्लंडच्या जुन्या घराण्यातला असेल आणि त्या बाजूचाही कुलवृत्तांत लिहायचा असेल, तरी हीच शिस्त पाळावी लागेल.

आधी अमेरिकेची बाजू संपवा

आजच्या पिढीपासून एकेक पिढी मागे जा, मधली एकही गाळू नका. १८५० पासून अमेरिकेच्या जनगणनेत घरातल्या प्रत्येक माणसाचं नाव मिळतं. त्याआधी, १७९० ते १८४० पर्यंत, फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांची संख्या असते. मॅसॅच्युसेट्स राज्याने जन्म, लग्न आणि मृत्यूची नोंदणी १८४१ पासून सुरू केली. त्यामागच्या काळासाठी गावांच्या नोंदवह्या बघाव्या लागतात, आणि त्यांतल्या पुष्कळ छापून आल्या आहेत. मूळ पुरुष १६२० च्या 'मेफ्लॉवर' जहाजावरचा निघाला तर सुरुवातीच्या पाच पिढ्यांचं काम आधीच झालेलं असण्याची शक्यता मोठी आहे. ते आधी बघा, उगाच पुन्हा करत बसू नका. १६२० ते १६३५ मध्ये आलेल्यांसाठी बोस्टनच्या न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जीनिअलॉजिकल सोसायटीने रॉबर्ट चार्ल्स अँडरसन यांच्या हाताखाली एकेका माणसाची पुराव्यासह माहिती छापली आहे. ही संस्था १८४५ पासून काम करते. तिच्या या मालिकेत तुमचा माणूस असेल आणि 'मूळ गाव: अज्ञात' असं लिहिलं असेल, तर ऑनलाइन झाडांवर दिसणारं त्याचं गाव संशयानेच बघा.

मग खुद्द स्थलांतरिताचे सगळे कागद गोळा करा. सगळे म्हणजे सगळे. चर्चमध्ये दाखल झाल्याची तारीख, फ्रीमन, म्हणजे मतदानाचा हक्क असलेला रहिवासी, झाल्याची तारीख (१६३१ ते १६६४ या काळात मॅसॅच्युसेट्समध्ये त्यासाठी चर्चचं सभासद असावं लागे), गावाने दिलेली जमीन, खरेदीखतं, मृत्युपत्र, मालमत्तेची यादी आणि कोर्टातल्या जबान्या. या जबान्या फार उपयोगी पडतात, कारण साक्षीदाराचं वय तिथे लिहिलेलं असतं: 'वय अंदाजे ४६ वर्षं'. मात्र हे वय ढोबळ असतं, त्यातही ४०, ५०, ६० असे गोल आकडे. १६५० मध्ये कोणी 'अंदाजे ४६' असेल, तर बाप्तिस्मा १५९९ ते १६०९ या पट्ट्यात शोधा. वय गोल आकड्यात असेल तर पट्टा आणखी रुंद ठेवा.

फॅमिलीसर्च या वेबसाइटवर हे दस्त आणि प्रोबेटचे, म्हणजे मृत्युपत्र कोर्टात मंजूर करून घेण्याचे, कागद मोफत बघता येतात. तिथल्या पूर्ण-मजकूर शोधात अनुक्रमणिकेत नसलेली नावंही सापडतात. दस्ताच्या मजकुरात शेजारी, साक्षीदार किंवा मेहुणा म्हणून आलेला माणूस जुन्या अनुक्रमणिकेत नसतो, त्यामुळे हा शोध एकदा तरी चालवाच.

तारीख वाचताना होणारी चूक

१७५२ पर्यंत इंग्लंड आणि तिच्या वसाहती ज्युलियन कालगणना पाळत होत्या, आणि नवं वर्ष २५ मार्चला लागे. म्हणून १० फेब्रुवारी १६३८ असं लिहिलेलं असेल तर आजच्या हिशेबाने ते १६३९. टिपणात ते १६३८/३९ असं दुहेरीच लिहा. प्युरिटन, म्हणजे न्यू इंग्लंड वसवणारे कडवे प्रोटेस्टंट, महिन्यांची नावं टाळून आकडे वापरत, आणि पहिला महिना म्हणजे मार्च. 'सातव्या महिन्याची १४' म्हणजे १४ सप्टेंबर, जुलै नव्हे. हे लक्षात आलं नाही तर लग्नाआधी मूल झालेलं दिसतं, किंवा मेलेला माणूस दोन महिन्यांनी मृत्युपत्रावर सही करताना दिसतो. अशी विसंगती दिसली की आधी तारीख तपासा, माणूस नंतर बदला.

शेजारी कोण होते

माणसं एकटी क्वचितच गेली. पाद्री निघाला की त्याच्या मागे गावचे लोक निघत. इझेकिएल रॉजर्स १६३८ मध्ये यॉर्कशरच्या राउलीहून माणसं घेऊन आला आणि मॅसॅच्युसेट्समध्ये राउली वसलं. नॉरफकच्या हिंगमहून आलेल्यांनी मॅसॅच्युसेट्सचं हिंगम मोठं केलं. जॉन कॉटन १६३३ मध्ये लिंकनशरच्या बोस्टनमधून आला. थॉमस हुकर एसेक्सच्या चेम्सफर्डमध्ये प्रवचनं देत असे, त्याच्या मागे आलेल्यांतले बरेच १६३६ मध्ये हार्टफर्डला गेले.

कृती अशी. तुमच्या माणसाच्या पहिल्या दहा वर्षांतल्या सगळ्या कागदांवरची इतर नावं एका तक्त्यात भरा: लगतच्या प्लॉटचे मालक, दस्तांचे साक्षीदार, मृत्युपत्राचे देखरेख करणारे, त्याच दिवशी चर्चमध्ये दाखल झालेले. प्रत्येक नावापुढे तो माणूस इंग्लंडमध्ये कुठला, हे माहीत असल्यास लिहा. पंधरा-वीस नावांत चार-पाच जण एकाच तालुक्याएवढ्या टापूतले निघाले, तर शोध तिथून सुरू करा. इंग्लंडमध्ये दहा हजारांहून जास्त पॅरिश, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दी, होत्या. या तक्त्याने त्या वीस-तीसवर येतात.

बायकोचं घराणंही तेवढ्याच कसोशीने शोधा. जॉन स्मिथ शेकडो मिळतील, पण त्याच्या बायकोचं माहेरचं आडनाव दुर्मीळ असेल तर दोघांचं लग्न एखाद्याच नोंदवहीत असेल.

जहाजांच्या याद्यांवर किती विसंबावं

मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप याच्या १६३० च्या ताफ्यात अकरा जहाजं होती, पण त्या ताफ्याची अधिकृत प्रवासीयादी नाही. छापील पुस्तकांत दिसणारी यादी नंतरच्या लोकांनी अंदाजाने जुळवलेली आहे. बऱ्या याद्या मिळतात त्या १६३४ ते १६३७ च्या, परदेशी जाण्याच्या परवान्यांच्या वह्यांत. लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्ज या सरकारी अभिलेखागारात ई १५७ या मालिकेत त्या ठेवल्या आहेत. एक सापळा ध्यानात ठेवा: लंडनहून निघालेला माणूस एखाद्या लंडनच्या पाद्र्याचा दाखला दाखवून जहाजावर चढे. तो दाखला मूळ गावाचा पुरावा नाही. सफकचा शेतकरीही जहाजाची वाट बघत लंडनला राहिलेला असू शकतो.

वयाचा भरवसाही बेतानेच. अब्राहम लिंकनचा पूर्वज सॅम्युएल लिंकन १६३७ मध्ये नॉरिचच्या फ्रान्सिस लॉज या विणकराचा नोकर म्हणून निघाला. यादीत त्याचं वय १८ आहे, पण हिंगमच्या नोंदवहीत त्याचा बाप्तिस्मा ऑगस्ट १६२२ चा. तीन वर्षांचा फरक. बाप्तिस्मा म्हणजे जन्म नव्हे, आणि यादीतलं वय म्हणजे कोणीतरी तोंडी सांगितलेलं वय, हे दोन्ही धरून चाललं की असा फरक अंगावर येत नाही.

पॅरिशच्या नोंदवह्या

पाद्र्यांनी बाप्तिस्मा, लग्न आणि दफन नोंदवावं असा हुकूम १५३८ मध्ये निघाला. १५९८ मध्ये जुन्या कागदी वह्या चर्मपत्रावर उतरवायला सांगितलं, पण राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीपासून, म्हणजे १५५८ पासून पुढचं उतरवलं तरी चालेल अशी सवलत दिली. त्यामुळे पुष्कळ वह्या १५५८ लाच सुरू होतात. त्याच वेळेपासून दरवर्षी एक नक्कल बिशपकडे पाठवायची होती. मूळ वही फाटली किंवा हरवली असेल तर बिशपच्या नकला मागा. दोन्ही उपलब्ध असतील तर दोन्ही बघा, कारण नकलाकाराने गाळलेलं किंवा उलट त्याने नीट वाचलेलं नाव सापडतं. १६४० ते १६६० या यादवीच्या आणि तिच्यानंतरच्या काळात नोंदी तुटक आहेत. तुमचा माणूस त्याआधी गेला असेल तर तेवढं सुदैव.

अनुक्रमणिकेवर थांबू नका, पानाचं छायाचित्र उघडा. सतराव्या शतकातलं वळण वेगळं असतं: एफ मोठा लिहायचा तर दोन छोटे एफ, लांब एस एफसारखा, सी आणि आर यांचा घोटाळा, एच ओळीखाली लोंबणारा. नॅशनल आर्काइव्ह्जचे हस्ताक्षर वाचनाचे मोफत धडे ऑनलाइन आहेत, ते आठवडाभर केले की बरंच हाताला लागतं. लॅटिनही थोडं लागेल: जाकोबस म्हणजे जेम्स, गुलिएल्मस म्हणजे विल्यम, सेपुल्टस म्हणजे पुरला, विडुआ म्हणजे विधवा.

सापडलेल्या एका बाप्तिस्म्यावर समाधान मानू नका. त्या पॅरिशमधल्या त्या आडनावाच्या सगळ्या नोंदी, साधारण १५५० ते १६६०, उतरवून घ्या आणि कुटुंबं वेगळी लावा. एकाच गावात एकाच नावाचे दोन चुलतभाऊ हे नेहमीचंच.

मृत्युपत्र: सगळ्यांत भक्कम धागा

समुद्र ओलांडणारा पुरावा बहुतेक वेळा मृत्युपत्रातच मिळतो. सर्वांत मोलाचं म्हणजे इंग्लंडमध्ये मागे राहिलेल्या बापाचं, आत्याचं किंवा निपुत्रिक काकाचं मृत्युपत्र, ज्यात 'न्यू इंग्लंडमध्ये असलेल्या माझ्या मुलाला' किंवा 'समुद्रापलीकडच्या माझ्या भाच्याला' असं काही लिहिलेलं असतं.

मालमत्ता किती आणि कुठे पसरली आहे, यावरून मृत्युपत्र कोणत्या चर्च-न्यायालयात मंजूर होणार हे ठरे. एकाच आर्चडीकनच्या (बिशपच्या हाताखालचा अधिकारी) हद्दीत सगळं असेल तर आर्चडीकनचं, अनेक हद्दींत असेल तर बिशपचं, आणि श्रीमंत किंवा दूरवर पसरलेली मालमत्ता असेल तर कँटरबरीचं प्रेरोगेटिव्ह कोर्ट. या शेवटच्या कोर्टाची मृत्युपत्रं नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये प्रॉब ११ या मालिकेत आहेत, १३८४ ते १८५८ पर्यंतची, आणि नावाने शोधता येतात. खालच्या कोर्टांची जिल्ह्याच्या अभिलेखागारात मिळतात, उदाहरणार्थ एसेक्सची चेम्सफर्डला. १६५३ ते १६६० मध्ये मात्र सगळ्या देशाचं प्रोबेट लंडनच्या एकाच कोर्टात झालं. त्या सात वर्षांसाठी गरीब शेतकऱ्याचंही मृत्युपत्र प्रॉब ११ मध्ये शोधा.

नातेवाचक शब्द आजच्या अर्थाने घेऊ नका. तेव्हाच्या मृत्युपत्रात 'कझिन' म्हणजे पुतण्या किंवा भाचाही असतो, 'सन-इन-लॉ' म्हणजे सावत्र मुलगाही. 'ब्रदर' हा मेहुणा किंवा चर्चमधला बंधू असू शकतो. 'सीनियर' आणि 'ज्युनियर' हे बापलेकच असतील असंही नाही, गावातला थोरला आणि धाकटा एवढाच अर्थ असतो. 'क्लार्क' म्हणजे कारकून नव्हे, पाद्री.

जॉन हार्वर्डचं उदाहरण या बाबतीत जवळून बघण्यासारखं आहे. ज्याच्या नावाने विद्यापीठ आहे तो हा पाद्री मॅसॅच्युसेट्सच्या चार्ल्सटाउनला १६३७ मध्ये आला आणि १४ सप्टेंबर १६३८ ला क्षयाने वारला. अर्धी मालमत्ता आणि सुमारे चारशे पुस्तकं त्याने नव्या कॉलेजला दिली. पण अडीचशे वर्षं त्याचे आईबाप कोणालाच ठाऊक नव्हते. १८८५ मध्ये हेन्री फिट्झगिल्बर्ट वॉटर्स या अमेरिकी संशोधकाने लंडनची मृत्युपत्रं चाळून ते शोधले.

त्याला मिळालेलं कळीचं मृत्युपत्र हार्वर्ड आडनावाच्या बाईचं नव्हतंच. ते होतं लंडनमधल्या सदर्कच्या कॅथरीन यिअरवुड या विधवेचं, १६३५ चं. त्यात तिने 'क्लार्क' जॉन हार्वर्ड आणि थॉमस हार्वर्ड या मुलांची नावं घेतली होती. तिचा पहिला नवरा रॉबर्ट हार्वर्ड हा सदर्कचा खाटीक. १६२५ च्या प्लेगात तो गेला, काही मुलंही गेली. मग तिने जॉन एलेट्सनशी आणि त्याच्यानंतर रिचर्ड यिअरवुडशी लग्न केलं. फक्त 'हार्वर्ड' शोधणाऱ्याच्या हाती हा कागद लागलाच नसता. म्हणून आई पुन्हा लग्न केलेली असू शकते हे गृहीत धरून विधवांच्या लग्नांच्या नोंदी आधी काढा, आणि प्रत्येक नव्या नवऱ्याच्या आडनावाखाली तिचं मृत्युपत्र शोधा.

बाप्तिस्मा सदर्कच्या सेंट सेव्हिअर्समध्ये, आजच्या सदर्क कथीड्रलमध्ये, २९ नोव्हेंबर १६०७ चा. तिथे आडनाव 'हार्वी' असं पडलं आहे. बापाचा धंदा 'खाटीक' म्हणून सोबत लिहिला आहे, त्यामुळे तो ओळखता आला. आडनाव ऐकू येईल तसं लिहिलं जाई. शोधताना उच्चार सारखे असलेले सगळे प्रकार आणि पहिल्या अक्षराची अदलाबदल हाताने करून बघा, संगणकाच्या 'मिळतीजुळती नावं' या पर्यायावर सोडू नका.

आता प्रश्न असा की सदर्कचा जॉन हार्वर्ड आणि चार्ल्सटाउनचा जॉन हार्वर्ड एकच कशावरून? इथे भाऊ थॉमसचं मृत्युपत्र कामी येतं. त्याने भावाला, जॉनला, व्यवस्थापक नेमलं होतं. पण मे १६३७ मध्ये प्रोबेट घेतलं ते दुसऱ्या व्यवस्थापकाने, आणि जॉनचा हक्क तो येईपर्यंत राखून ठेवला. नेमका त्याच उन्हाळ्यात जॉन चार्ल्सटाउनच्या कागदांत उगवतो. शिवाय १६३५ चा एक भाडेपट्टा मिळाला, लंडनच्या टॉवर किल्ल्याजवळच्या सेंट कॅथरीन हॉस्पिटलने दोघा भावांना दिलेला. त्यावरची जॉनची सही इंग्लंडच्या केंब्रिज विद्यापीठातल्या त्याच्या सह्यांशी जुळली. नाव, पाद्रीपण, गैरहजेरीचा काळ आणि अक्षर हे चार स्वतंत्र धागे एकाच माणसाकडे जातात. प्रोबेटची लॅटिन टीप लोक वाचायचं सोडून देतात, ती कधीच सोडू नका. मृत्युपत्राच्या शेवटच्या त्या चार ओळींतच कोण हजर होतं आणि कोण नव्हतं ते कळतं.

उमेदवाराला पाडून बघा

गाव, नाव आणि वय जुळणारा माणूस सापडला की तो चुकीचा ठरवण्याचा प्रयत्न करा. आधी दफनाच्या नोंदी बघा, हे मूल तिसऱ्या वर्षीच गेलं होतं का? मग तो माणूस १६४० नंतरही इंग्लंडमध्येच मुलांचे बाप्तिस्मे करतोय का? बापाच्या मृत्युपत्रात तो गावातच राहणारा दिसतो का? यांपैकी एकाचं उत्तर 'हो' आलं तर उमेदवार बाद. उलट, इंग्लंडमधल्या वहीत नवराबायको आणि तीन-चार मुलं क्रमाने दिसतात, शेवटचा बाप्तिस्मा १६३४ चा, नंतर कोणाचंही दफन नाही, आणि त्याच नावांची मुलं त्याच क्रमाने न्यू इंग्लंडमध्ये १६३६ पासून दिसतात, असं असेल तर मृत्युपत्राशिवायही बाजू बरीच भक्कम होते.

कोऱ्या हाताने परत आलेले शोधही तारीख, मालिका आणि वर्षांसह लिहून ठेवा. नाहीतर दोन वर्षांनी तीच वही पुन्हा चाळाल.

जुन्या छापील वंशावळींबाबत सावध राहा. गुस्ताव्ह अँजू (१८६३ ते १९४२) या माणसाने श्रीमंत अमेरिकनांना वंशावळी बनवून विकल्या. त्यांत खऱ्या मृत्युपत्रांच्या मधोमध एखादा बनावट कागद घालून स्थलांतरित माणूस उमरावाच्या घराण्याला जोडलेला असे. त्या आजही ग्रंथालयांत आहेत आणि तिथून ऑनलाइन झाडांवर येतात. बाकीचे संदर्भ खरे असल्याने वाचणारा फसतो. म्हणून समुद्र ओलांडणारी ती एक पिढी मूळ कागदावर तपासल्याशिवाय मानू नका. आडनावावरून विकली जाणारी कुलचिन्हंही तशीच, चिन्ह त्या आडनावाला नव्हे, ठरावीक माणसाला आणि त्याच्या वंशजांना मिळे.

डीएनए चाचणीची मदत मर्यादित. बापाकडून मुलाकडे जाणारी वाय-डीएनए चाचणी अमेरिकेतल्या वंशजाची आणि इंग्लंडमधल्या त्याच आडनावाच्या पुरुषाची एक पुरुषशाखा आहे की नाही हे सांगते. त्यांचा समान पूर्वज कोण हे सांगत नाही. नेहमीची ऑटोसोमल चाचणी दहा-बारा पिढ्यांमागे जवळजवळ निरुपयोगी, कारण दहाव्या पिढीत १०२४ पूर्वज होतात आणि त्यांतल्या अनेकांचा एक तुकडाही आपल्यात उरलेला नसतो.

१५३८ च्या मागे

नोंदवह्या संपल्यावर जमिनीचे कागद उरतात. इंग्लंडमध्ये पुष्कळ शेतकरी मॅनरच्या, म्हणजे जमीनदाराच्या जहागिरीच्या, जमिनी वहिवाटत, आणि बाप मेला की मुलगा मॅनर-कोर्टात येऊन जमीन आपल्या नावावर करून घेई. आपल्याकडच्या वारसाच्या फेरफार नोंदीसारखंच हे काम, फक्त लॅटिनमध्ये. त्यात बापाचं नाव, मुलाचं नाव आणि शेताचं नाव एकत्र येतं, कधी तीन पिढ्या सलग. कोणत्या मॅनरच्या वह्या कुठे आहेत हे नॅशनल आर्काइव्ह्जच्या मॅनोरिअल डॉक्युमेंट्स रजिस्टरमध्ये बघा. त्याच्या जोडीला १५२४-२५ च्या कराच्या याद्या, ई १७९ मालिकेत. गावात त्या आडनावाचा एकच करदाता असेल तर पुढच्या शोधाला दिशा मिळते, पण नातं त्यातून सिद्ध होत नाही.

व्हर्जिनियाला गेलेल्यांचा शोध वेगळ्या वाटेने जातो. तिथे आणलेल्या माणसामागे ५० एकर जमिनीचा हक्क मिळे, आणि ती नावं जमिनीच्या पट्ट्यांत येतात, पण पट्ट्याचं वर्ष म्हणजे येण्याचं वर्ष नव्हे, हक्क वर्षानुवर्षं पडून राहत आणि विकलेही जात. करारावर गेलेल्या नोकरांसाठी ब्रिस्टलची १६५४ पासूनची नोंदवही आधी बघा.

इंग्लंडमधलं काम भारतातून किंवा अमेरिकेतून करायचं तर तिथला अभिलेख-शोधक नेमावा लागतो. त्याला 'आमच्या पूर्वजाचं मूळ शोधा' असं सांगाल तर तासांचे पैसे जातील. नेमकं लिहा: कोणतं अभिलेखागार, कोणत्या कोर्टाची मृत्युपत्रं, कोणती वर्षं, आडनावाचे कोणते पाच-सहा प्रकार, किती तासांची मर्यादा. आणि प्रत्येक सापडलेल्या पानाचं पूर्ण छायाचित्र मागा, वरचा मथळा आणि खालची प्रोबेटची टीप कापली न जाता, अभिलेखाचा क्रमांक त्याच चित्रात दिसेल असं.